तांबडी ओळ आधी पूर्ण वाचा: उबुंटू-डेबियनवर अडलेली पॅकेजे सोडवताना

आषाढातली दुपार होती. फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात चार जुने संगणक आहेत, चारही उबुंटू २२.०४ वर. त्यातल्या एकावर अपग्रेड चालू असताना वीज गेली. यूपीएसची बॅटरी कधीचीच मेलेली. ती बदलायचे काम माझ्याकडेच होते, तेव्हा बोलायला तोंड नाही. वीज आल्यावर काउंटरवर बसणाऱ्या मुलीने तीच आज्ञा परत दिली आणि मला फोन लावला.

"सर, तांबड्या अक्षरांत काहीतरी आलंय. बंद करून परत चालू करू?"

"नको. काय लिहिलंय ते वाच."

तिने अडखळत वाचले: डीपीकेजी वॉज इंटरप्टेड, यू मस्ट मॅन्युअली रन, मग सुडो डीपीकेजी, दोन रेघा, कॉन्फिगर, एक रेघ, ए. जरा थांबून म्हणाली, "सर, उत्तर तर इथंच लिहिलंय."

दर वेळी उत्तर इतके सरळ लिहिलेले नसते. पण कोणते पॅकेज (म्हणजे बसवायच्या सॉफ्टवेअरची पेटी) अडले आणि कशापाशी अडले, एवढे तरी त्या ओळीत असतेच. नवा माणूस मात्र तांबडे दिसले की खिडकी बंद करतो, किंवा कुठेतरी वाचलेली जबरदस्तीची आज्ञा डकवतो. खरा गुंता त्या दुसऱ्या पायरीवर सुरू होतो.

हा लेख डेबियन, उबुंटू आणि लिनक्स मिंट वापरणाऱ्यांसाठी आहे. फेडोरावर डीएनएफ आणि आर्चवर पॅकमॅन असते. तिथे विचार हाच, आज्ञा निराळ्या. इथल्या आज्ञा मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी लिपीतच टाइप करायच्या. सुडो (पुढची आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने चालवते) म्हणजे एस-यू-डी-ओ, ॲप्ट म्हणजे ए-पी-टी, आणि रेघा जितक्या दिसतात तितक्याच.

दोन गडी, दोन कामे

डेबियन १९९३ साली इयन मर्डॉक यांनी सुरू केले. डीपीकेजी हे त्याच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांतले साधन. कोठीवर बसलेल्या माणसासारखे त्याचे काम: समोर आलेली पेटी उघडायची, सामान जागेवर लावायचे, वहीत नोंद करायची. पेटीवर "याआधी अमुक हवे" असे लिहिलेले असले आणि ते कोठीत नसले, तर हा अडून बसतो. ते आणायला मात्र उठत नाही.

आणायला जातो ॲप्ट. १९९९ च्या डेबियन २.१ पासून तो डेबियनबरोबर येऊ लागला. यादी घेऊन शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात जावे आणि जे जे लागते ते एका फेरीत आणावे, तसा तो ठरलेल्या रिपॉझिटरींमधून (नेटवरच्या पॅकेजांच्या कोठारांमधून) सगळी पॅकेजे हिशेबाने गोळा करतो आणि डीपीकेजीच्या पुढ्यात ठेवतो. हिशेब जुळला नाही तर एकही वस्तू न आणता परत येतो. नवख्याला हा हट्ट वाटतो. प्रत्यक्षात तो तुमचा संगणक वाचवत असतो.

म्हणून तक्रार कोणाची आहे ते पाहा. संदेश डीपीकेजीचा असेल तर पेटी उघडताना काहीतरी बिघडले आहे. ॲप्टचा असेल तर हिशेब जुळत नाही. दोन्हींची औषधे वेगळी.

आधी जागा आणि घड्याळ

कुठलीही मोठी दुरुस्ती करण्यापूर्वी या दोन गोष्टी पाहून घ्या. मिनिटभराचे काम आहे.

डीएफ -एच

ही आज्ञा डिस्कवर किती जागा उरली ते सांगते. रूट (यादीत नुसती तिरपी रेघ) आणि बूट या दोन ओळींवर लक्ष द्या. बूट वेगळ्या विभाजनावर असेल तर जुनी कर्नल (सिस्टिमचा गाभा) साचून तो भरतो आणि नवे कर्नल बसवताना "नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस" म्हणून काम अर्ध्यावर थांबते. तिथे आत शिरून फायली हाताने पुसू नका. डीपीकेजीच्या वहीत त्या आहेतच असे लिहिलेले राहते आणि पुढच्या वेळी दुप्पट घोळ होतो. त्याऐवजी:

सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह --पर्ज
सुडो ॲप्ट क्लीन

पहिली आज्ञा नको असलेली जुनी कर्नल रीतसर काढते. दुसरी डाउनलोड करून ठेवलेल्या पॅकेजांचा साठा रिकामा करते. सध्या कोणते कर्नल चालू आहे ते "यूनेम -आर" सांगते.

घड्याळाचे म्हणाल तर त्यावर मी एकदा तासभर घालवला आहे. एका जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला होता. संगणक दर वेळी काही वर्षे मागे जाऊन उठायचा. ॲप्ट म्हणायचा, रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट. मी रिपॉझिटरी बदलून पाहिली, याद्या पुसून पाहिल्या, नेटला दोष दिला. कोपऱ्यातली तारीख पाहिलीच नव्हती. "डेट" टाइप करा आणि तारीख बरोबर आहे ना ते पाहा, एवढेच.

कुलूप

"कुड नॉट गेट लॉक" असे आले तर दुसरे कोणीतरी पॅकेजांवर काम करत आहे. उबुंटू सुरू झाल्यावर सुरक्षेची अपडेट्स मागच्या दाराने आपोआप बसत असतात, बहुतेक वेळा तेच. संदेशात प्रक्रियेचा क्रमांक आणि नावही असते. दहा-पंधरा मिनिटे थांबा, चहा घ्या.

कुलपाची फाइल पुसा असा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नका. फाइल पुसली तरी आतला माणूस बाहेर पडत नाही, आणि मग एकाच वहीत दोघे लिहायला बसतात.

अर्धवट राहिलेले काम

आता वाचनालयातल्या त्या संगणकाकडे येऊ. पॅकेज बसण्याचे मुख्य टप्पे दोन: आधी फायली उलगडून जागेवर ठेवणे, मग त्याची घडी बसवणे, म्हणजे कॉन्फिगर करणे. वीज नेमकी या दोहोंच्या मध्ये गेली की काही पॅकेजे उलगडलेली पण न बसलेली राहतात. कोणती, ते पाहायला:

डीपीकेजी --ऑडिट

किंवा "डीपीकेजी -एल" देऊन सगळी यादी काढा आणि डावीकडची दोन अक्षरे पाहा. दोन्ही आय असली तर सगळे ठीक. दुसरे अक्षर मोठे यू असेल तर पॅकेज फक्त उलगडलेले आहे. मोठे एफ असेल तर कॉन्फिगर करताना मध्येच थांबले. मोठे एच म्हणजे उलगडणेच अर्धे राहिले. हे सर्वात वाईट. आर आणि सी अशी जोडी दिसली तर घाबरू नका. पॅकेज काढून टाकलेले आहे, फक्त त्याच्या सेटिंगच्या फायली मागे आहेत.

मग क्रमाने:

सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए
सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल
सुडो ॲप्ट अपडेट
सुडो ॲप्ट अपग्रेड

हा क्रम महत्त्वाचा. पहिली आज्ञा उलगडलेल्यांची घडी बसवते. दुसरी, कोणाचे सोबती आणायचे राहिले असतील तर ते आणते. त्यानंतरच नवी यादी आणि उरलेले अपग्रेड. एखाद्या पॅकेजपुढे एच राहिलेच तर ते "सुडो ॲप्ट इन्स्टॉल --रीइन्स्टॉल" आणि पुढे पॅकेजचे नाव देऊन पुन्हा बसवायचे.

मध्येच एखादा प्रश्न येईल: अमुक सेटिंगची फाइल तुम्ही बदललेली आहे, पॅकेजबरोबर नवी आली आहे, कोणती ठेवू? इथे डी दाबले तर दोन्हींमधला फरक दिसतो. काही न कळता एंटर दाबले तर तुमची जुनीच राहते आणि नवी शेजारी डीपीकेजी-डिस्ट असे शेपूट लावून ठेवली जाते. म्हणजे एंटरने काही बुडत नाही. घाईत वाय मात्र दाबू नका.

सगळे ठीक असूनही एकच पॅकेज पुन्हा पुन्हा "पोस्ट-इन्स्टॉलेशन स्क्रिप्ट" म्हणून पडत असेल, तर खरे कारण त्या ओळीच्या चार-पाच ओळी वर असते. शेवटची ओळ फक्त निकाल सांगते. वर सरका आणि पहिली चूक शोधा.

हिशेब जुळत नाही तेव्हा

"द फॉलोइंग पॅकेजेस हॅव अनमेट डिपेंडन्सीज." हे वाक्य पाहून भल्याभल्यांचा धीर सुटतो. त्याच्या खाली पॅकेजांची नावे असतात आणि प्रत्येक ओळीला शेवटी एक शेपूट असते. निदान त्या शेपटात आहे. शेपटे मुख्यतः तीन प्रकारची.

"बट इट इज नॉट इन्स्टॉलेबल": हवे असलेले पॅकेज तुमच्या कुठल्याच रिपॉझिटरीत नाही. एक तर रिपॉझिटरीचा तो भाग बंद आहे, उबुंटूवर अनेकदा युनिव्हर्स, किंवा तुम्ही दुसऱ्याच आवृत्तीसाठी बांधलेले पॅकेज बसवू पाहता आहात.

"बट इट इज नॉट गोइंग टू बी इन्स्टॉल्ड": पॅकेज आहे, पण त्याचेही कोणाशी तरी पटत नाही. इथे खाली उतरायचे. त्या नावानेच "ॲप्ट इन्स्टॉल" देऊन पाहा. तो पुढचे नाव सांगेल. त्या नावाने परत. दोन-तीन पायऱ्यांत खरा दोषी सापडतो. "होय" म्हणायची गरज नाही, नुसते विचारत जायचे. आज्ञेत "-एस" घातले तर ॲप्ट फक्त नाटक करून दाखवतो, प्रत्यक्षात काही बदलत नाही.

"बट अमुक आवृत्ती इज टू बी इन्स्टॉल्ड": हवी नवी, घरात जुनी. किंवा उलटे.

या तिसऱ्या प्रकारातला, नवख्यांना हमखास भेटणारा नमुना म्हणजे लिबसी६, ही सिस्टिमची मूळ लायब्ररी. कोणीतरी प्रिंटरसाठी किंवा एखाद्या ॲपसाठी डेब फाइल (एकेका पॅकेजची सुटी फाइल) उतरवून आणतो. ती उबुंटू २४.०४ वर बांधलेली असते. ती सांगते, लिबसी६ निदान २.३८ पाहिजे. उबुंटू २२.०४ वर आहे २.३५. झाले, अडले. मोह असा होतो की लिबसी६ तेवढे नवे आणून बसवावे. ते कधीही करू नका. संगणकावरचा जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम त्याच्यावर उभा आहे. चवथीला माटोळीवर (गणपतीच्या वर फळे-पाने टांगायच्या लाकडी चौकटीवर) सगळे टांगून झाल्यावर मधला वासा बदलायला जाण्यासारखे आहे ते. तुमच्या आवृत्तीसाठी बांधलेली डेब फाइल शोधा, नाही मिळाली तर तेच ॲप फ्लॅटपॅक किंवा स्नॅप म्हणून घ्या. ती आपली शिदोरी बरोबर घेऊन येतात आणि तुमच्या कोठीला फारसा हात लावत नाहीत.

आमच्या मराठी लिबरऑफिसची गोष्ट

ही गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण उरलेले बहुतेक घोळ हिचीच भावंडे आहेत.

श्रावणातल्या भजनी सप्ताहाची पत्रिका करायची होती. पत्रिका करणाऱ्या काकांना लिबरऑफिसच्या (कागदपत्रे करायच्या ऑफिस-संचाच्या) मेन्यूही मराठीत हव्या होत्या. त्यासाठी लिबरऑफिस-एल१०एन-एमआर हे पॅकेज असते. मी बसवायला गेलो तर अनमेट डिपेंडन्सीज. लिबरऑफिस-कॉमन जुने हवे, पण नवे बसणार आहे. उबुंटूच्या अगदी अधिकृत रिपॉझिटरीतले पॅकेज, तेही अडते म्हणजे काय?

अशा वेळी माझी पहिली आज्ञा ठरलेली आहे:

ॲप्ट पॉलिसी लिबरऑफिस-कॉमन

उत्तरात तीन गोष्टी दिसतात. इन्स्टॉल्ड, म्हणजे घरात असलेली आवृत्ती. कँडिडेट, म्हणजे आता बसवायची झाली तर ॲप्ट निवडेल ती. आणि खाली तक्ता: कोणती आवृत्ती कोणत्या रिपॉझिटरीतून मिळते. बसवलेल्या आवृत्तीपुढे तीन तारे असतात. नेहमीच्या रिपॉझिटरीपुढे ५०० हा आकडा असतो. आमच्या तक्त्यात तारे ७.६ पुढे होते आणि त्याखाली एकच ओळ होती: १०० आणि डीपीकेजीची स्टेटस फाइल. उबुंटू २२.०४ चे स्वतःचे ७.३ त्याच्या खाली, ५०० सह, मुकाट उभे होते.

वाचायचे असे: ७.६ घरात आहे, पण आज ते कुठलीच रिपॉझिटरी देत नाही. पोरके आहे. भाषेचे पॅकेज मात्र ७.३ चे मिळते आहे, आणि ज्या आवृत्तीचे लिबरऑफिस त्याच आवृत्तीचा भाषासंच लागतो. ॲप्ट स्वतःहून आवृत्ती खाली उतरवत नाही. म्हणून कोंडी.

७.६ आणले कोणी? मीच. आदल्या वर्षी नवे लिबरऑफिस हवे म्हणून पीपीए (उबुंटूच्या मुख्य रिपॉझिटरीबाहेरची वेगळी रिपॉझिटरी) जोडला होता, आणि पुढे अपडेटला वेळ लागतो म्हणून त्याची फाइल पुसून टाकली. पीपीए गेला, पण त्याने आणलेली पॅकेजे राहिली. पीपीए पुसला म्हणजे त्याचे सामान जात नाही, हे मला माहीत होते. तरी केले.

सुटका दोन प्रकारे होते. पीपीए परत जोडून भाषासंचही तिथूनच घ्यायचा. किंवा मागे उतरायचे. मागे उतरायला पीपीए-पर्ज नावाचे साधन आहे, पण त्याला पीपीए अजून जोडलेला लागतो. म्हणून आधी पुन्हा जोडा, मग पर्ज करा. ते पीपीए बंद करून त्याची पॅकेजे उबुंटूच्या आवृत्तीवर आणते. मी आमच्या इथे तिसराच, ओबडधोबड मार्ग घेतला: लिबरऑफिस पूर्ण काढले, ऑटोरिमूव्ह दिले आणि ७.३ नव्याने बसवले. ऑटोरिमूव्ह विसरायचे नाही. युनो आणि यूआरई ही लिबरऑफिसची जोडपॅकेजेही त्याच पीपीएतून आलेली असतात, ती मागे रेंगाळली तर तोच अडथळा पुन्हा उभा. पत्रिकेच्या जुन्या फायलींना यात धक्का लागत नाही. त्या घरच्या फोल्डरमध्ये असतात, पॅकेजच्या नव्हे.

तुमच्याकडे अशी किती पोरकी पॅकेजे आहेत ते काढायला:

ॲप्ट लिस्ट --इन्स्टॉल्ड | ग्रेप ',लोकल'

स्वल्पविराम मुद्दाम आहे. तो नसेल तर लोकेल्स वगैरे नावेही यादीत घुसतात. जी यादी येईल ती एकदा वाचून काढा. पुढे कधी अपग्रेड अडले तर संशयित बहुधा याच यादीतला असेल.

डेबियनवर याचीच मोठी बहीण भेटते. स्टेबलवर (पक्क्या आवृत्तीवर) बसून टेस्टिंगमधले (अजून तपासणीत असलेल्या आवृत्तीतले) एखादे पॅकेज आणायचे, वर उबुंटूचा पीपीए जोडायचा. डेबियनवाल्यांनी अशा खिचडीला फ्रँकनडेबियन असे नाव देऊन ठेवले आहे. डेबियन १२ असेल तर सगळ्या ओळींत बुकवर्मच हवे, डेबियन १३ असेल तर ट्रिक्सी. या ओळी ईटीसी फोल्डरातल्या ॲप्टमध्ये सोर्सेस-लिस्ट या फाइलमध्ये किंवा सोर्सेस-लिस्ट-डी या फोल्डरात असतात. उबुंटू २४.०४ पासून मुख्य नोंद त्या फोल्डरातल्या उबुंटू-सोर्सेस या फाइलमध्ये गेली आहे. जुन्या फाइलमध्ये काहीच दिसले नाही तर गोंधळू नका.

मागे ठेवलेली पॅकेजे

"हॅव बीन केप्ट बॅक" ही चूक नव्हे. उबुंटू काही अपडेट्स सगळ्यांना एकदम न देता टप्प्याटप्प्याने देते, तुमची पाळी आली की ती बसतात. काही दिवस वाट पाहा. तरी हलत नसेल तर "ॲप्ट-मार्क शोहोल्ड" देऊन पाहा, पूर्वी कधी कोणी ते पॅकेज धरून ठेवले असेल. धरलेले "सुडो ॲप्ट-मार्क अनहोल्ड" ने सुटते.

तिसरी शक्यता अशी की नव्या आवृत्तीसाठी एखादे जुने पॅकेज काढावे लागते. साधे अपग्रेड काहीच काढत नाही, फुल-अपग्रेड काढते. म्हणून फुल-अपग्रेड देताना "विल बी रिमूव्हड" खालची यादी शब्दन् शब्द वाचायची. एखादे जुने लायब्ररीचे पॅकेज जात असेल तर जाऊ द्या. उबुंटू-डेस्कटॉप, नेटवर्क-मॅनेजर, पायथन३ अशी नावे दिसली तर एन दाबा आणि मागे फिरा.

म्हापशाच्या एका कॉलेजच्या मुलाने एन दाबले नाही. त्याला पायथनची नवी आवृत्ती हवी होती, म्हणून त्याने जुने पायथन३ काढले. उबुंटूची अर्धी साधने पायथनवर चालतात. पुढच्या बूटला काळा पडदा आणि लॉगिन. तरीही सुधारले. लॉगच्या फोल्डरात ॲप्टची हिस्टरी-लॉग नावाची फाइल असते, त्यात त्या दिवशी काय काय गेले याची तारीखवार यादी होती. वायफाय चालत नव्हते म्हणून फोन यूएसबीने जोडला, नेट मिळवले आणि "सुडो ॲप्ट इन्स्टॉल उबुंटू-डेस्कटॉप" दिले. दोन तास लागले. नवे पायथन हवेच असेल तर ते जुन्याच्या शेजारी बसवा. पिपने (पायथनच्या स्वतःच्या पॅकेज-साधनाने) काही बसवताना "एक्स्टर्नली मॅनेज्ड" म्हणून नकार आला तर तो मोडून काढू नका, व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट (पायथनची वेगळी खोली) करा.

किरकोळ, पण भेटणाऱ्या

"नो पबकी" म्हणजे रिपॉझिटरीची सही तपासायची किल्ली तुमच्याकडे नाही. ती रिपॉझिटरी चालवणाऱ्यांच्या अधिकृत पानावरून नवी किल्ली घ्या. सही न तपासता पुढे जाण्याचा पर्याय वापरू नका.

"४०४ नॉट फाउंड" आले तर आधी "सुडो ॲप्ट अपडेट" देऊन पाहा, यादी शिळी असेल. तरीही सगळीकडे ४०४ असेल तर तुमच्या आवृत्तीची मुदत संपली आहे. उबुंटूच्या मधल्या आवृत्त्यांना नऊच महिने मिळतात, मग त्यांची पॅकेजे जुन्या आवृत्त्यांच्या वेगळ्या सर्व्हरवर हलवतात. एलटीएसला (दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला) पाच वर्षे: २२.०४ ची साधी मुदत २०२७ पर्यंत, २४.०४ ची २०२९ पर्यंत.

"हॅश सम मिसमॅच" बहुतेक वेळा थोड्या वेळाने आपोआप जातो. सर्व्हरवरची यादी तेव्हा बदलत असते.

"ट्रायिंग टू ओव्हरराइट" म्हणजे एकाच फाइलवर दोन पॅकेजांचा दावा. "डीपीकेजी -एस" (इथला एस मोठा) आणि फाइलचा मार्ग दिला की आधीचा मालक कळतो. बहुतेकदा दोहोंपैकी एक बाहेरून आणलेली डेब फाइल असते. तिला निरोप द्या.

आणि एक नवी गंमत. जुन्या लेखांत वाचून लिबअसाउंड२ बसवायला गेलात तर उबुंटू २४.०४ सांगते, हे आभासी पॅकेज आहे, खरे नाव निवडा. खरे नाव आता लिबअसाउंड२टी६४. १९ जानेवारी २०३८ ला ३२ बिटांत मोजलेले सेकंद संपतात, त्याची तयारी म्हणून काही यंत्रप्रकारांवर वेळेचा आकडा ६४ बिटांचा केला आणि अनेक लायब्रऱ्यांच्या नावामागे टी६४ लागले. नाव बदलले आहे, वस्तू तीच.

दुसऱ्याला विचारताना

अडलात तर जाणकाराला विचारायचेच. पण पडद्याचा तिरपा फोटो पाठवू नका, त्यात नेमकी वरची ओळ कापली जाते. मजकूर कॉपी करून पाठवा: पूर्ण संदेश, अडलेल्या पॅकेजचे ॲप्ट पॉलिसी, आणि सोर्सेसच्या फायली. संगणक मराठीत असेल तर ॲप्टचे संदेशही मराठीत येतात; वाचायला छान, पण दुसऱ्याला तेच शब्द ओळखीचे नसतात. त्या वेळेपुरते आज्ञेत सुडोनंतर "एलसी_ऑल=सी" घाला (सगळी मोठी अक्षरे), संदेश इंग्रजीत येतील.

त्या आषाढातल्या दुपारी फोनवर मी ऐकत होतो आणि ती मुलगी एकेक ओळ वाचत होती, सेटिंग अप अमुक, सेटिंग अप तमुक. शेवटी प्रॉम्प्ट आला. दुसऱ्या संगणकावरही अपग्रेड बाकी होते. "सर, त्याच्यावर पण देऊ?"

बाहेर पुन्हा अंधारून आले होते. मी म्हटले, "आज नको. मी उद्या फोंड्याहून बॅटरी घेऊन येतो."